पिंजऱ्याचं माप

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण जमिनीच्या इतक्या जवळ जायची सध्या सोय नाही. तिथे बोळा असतो आणि तो कानातलं ओढतो.

बोळा म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. वय दोन महिने, रंग पांढरा, आकार दात काढल्यावर तोंडात कोंबतात त्या कापसाच्या बोळ्याचा. आमच्या लॅबच्या मागे प्लास्टरच्या रिकाम्या गोणीत सापडला. दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घासणाऱ्या बाईला देवाने नेमकं दात शिवशिवणारं पिल्लू द्यावं, याला विनोद म्हणायचं की सूड, ते तू ठरव.

आतापर्यंतची कामगिरी सांगते. दोन चपला खाल्ल्या, दोन्ही डाव्या पायाच्या. हीटरची वायर कुरतडली. हीटर बंद होता म्हणून हे पत्र हसत लिहितेय. आणि मी घरी पॉलिश करायला आणलेली एका निवृत्त न्यायाधीशांची खालची कवळी चावून ठेवली. न्यायाधीश तेव्हापासून नुसतं सूप पिताहेत आणि दातांच्या डॉक्टरांना फोनवर शिव्या देताहेत. बिनदाताच्या शिव्या असल्यामुळे डॉक्टरांना अर्ध्याच कळतात, एवढंच नशीब.

खरी पंचाईत वेगळीच आहे. मी कामाला गेले की हा गळा काढतो. खालच्या मजल्यावर घरमालकीण गाणं शिकवते. ती म्हणते, तिच्या विद्यार्थिनी वरच्या पट्टीत गेल्या की हा त्याच्याही वर जातो आणि पोरी हसून लोळतात. काल जिन्यात अडवून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत कुत्रं गप्प, नाहीतर कुत्रं बाहेर.

आत्या, मला हा ठेवायचाय. नवरा सोडून गेला तेव्हा मी एवढी हट्टाला पेटले नव्हते. मी दारात दिसल्यावर आनंदाने स्वतःवरच मुतावं, इतकी मी आजवर कोणालाच आवडलेली नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिंजरा घ्या, त्यात त्याला सवय लावा. कुत्र्यांच्या दुकानात त्याला क्रेट म्हणतात, म्हणजे कोंडणाऱ्याला जरा बरं वाटतं. घेऊन आलेय. हॉलमध्ये उभा आहे, आणि दार लावायला माझा हात होत नाही. तू आयुष्यभर माणसं कोंडलीस. तुला नाही विचारायचं तर कोणाला? कोंडू का?

तुझी,
कवळीवाली


७ फेब्रुवारी

कार्टे,

पत्र मिळालं. वाचून आधी हसले, मग पिंजऱ्यापाशी आले आणि डोकं फिरलं.

एकोणतीस वर्षं मी बायकांच्या तुरुंगात जमादारीण होते. कुलपं लावली, कुलपं काढली, त्याचा पगार घेतला. हौसेने कुलूप लावणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच निघालीस. आणि विचारतेस कोणाला, तर मला! तुला काय वाटलं, आत्या म्हणेल, हो बाळ, कोंड, मला फार मजा यायची?

पोराचा गुन्हा काय? कवळी चावली. अगं, कवळी असते कशाला? चावायलाच ना? त्या न्यायाधीशमहाराजांनी किती बायका माझ्याकडे धाडल्या असतील. त्यातल्या काही निर्दोष होत्या, हे मी त्यांच्याबरोबर राहून सांगते. थोडे दिवस सूप पिऊ दे त्यांना. सुटका होईल त्यांचीही.

ते पिल्लू आईवेगळं झालंय, गोणीतून उचललेलं आहे, आणि तू त्याला सळ्या दाखवतेस. पहिल्या रात्री नव्या कैदिणीचं रडणं कसं असतं, ते तू ऐकलेलं नाहीस. मी ऐकलंय. पिंजरा परत कर. दुकानदाराने घेतला नाही तर त्यालाच त्यात बसव.

आणि मला फोन करू नकोस. फोनवर मी ओरडते असं तुझी आई म्हणते. पत्र लिही. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं फोडून वाचली, आता स्वतःची वाचू दे.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय (माजी) जमादारीणबाई,

आपला हुकूम मिळाला. पिंजरा परत नेला नाही. ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घे, मी थांबते.

झालं? आता ऐक. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी त्याला मोकळा सोडून गेले. परत आले तर तो कपाटामागे अडकलेला, तोंडाला पांढरा फेस. माझा जीव गेला. उचलून, धावत, एका पायात बूट अशी डॉक्टरीणबाईंकडे पोचले. त्यांनी हुंगलं आणि म्हणाल्या, हा साबण आहे. पण पुढच्या वेळी साबण नसेल, असंही म्हणाल्या. तुमच्या घरात मेण आहे, तारा आहेत, दात घासायची पावडर किलोने आहे. पिंजरा शिक्षेला नसतो, जपायला असतो, हे त्यांचं म्हणणं.

म्हणून दुसऱ्या दिवशी कोंडला. मी दाराबाहेर कान लावून उभी राहिले. असा रडला की मीही रडले, मग खालच्या बाईंनी काठीने छत ठोकलं. म्हणजे आम्ही तिघंही आपापल्या परीने व्यक्त झालो.

आणि घाण! मला सांगितलं होतं, कुत्रा स्वतःच्या झोपायच्या जागी घाण करत नाही. बोळ्याने ते तंतोतंत पाळलं. पिंजऱ्याच्या डाव्या टोकाला बेडरूम, उजव्या टोकाला संडास, मध्ये ये-जा करायला पॅसेज. माझ्या फ्लॅटपेक्षा त्याची मांडणी चांगली आहे.

तुरुंगात हे असंच व्हायचं का? खरं सांग. भाषण नको.

तुझी,
पदच्युत वॉर्डन


१४ फेब्रुवारी

अगं शहाणे,

पिंजरा केवढा आणलायस? लांबी-रुंदी लिहिली नाहीस, पण पॅसेज काढण्याइतका आहे म्हणजे मला कळलं. दुकानदाराला तू म्हणाली असणार, जरा वाढत्या अंगाचा द्या. आईवर गेलीस. तिने तुला शाळेचा एकही फ्रॉक मापाचा घेतला नाही. पाचवीचा फ्रॉक आठवीत अंगाला आला, तोवर त्याचा रंग उडाला होता. आता तू तेच कुत्र्याला करते आहेस.

मोठी जागा म्हणजे चांगली जागा, हे बाहेरच्यांना वाटतं. त्याला उभं राहता आलं, गोल फिरून पसरता आलं, बस. बाकीची जागा पुठ्ठ्याचं खोकं घालून बंद कर. तीन बाजूंनी जुनी चादर टाक, तुझा वापरलेला टॉवेल आत ठेव. खायला आतच दे, आणि दार उघडं ठेवून दे. रागावल्यावर त्याला कधी आत पाठवायचं नाही. एकदा पाठवलंस की ती कोठडी झाली, मग तू कितीही क्रेट म्हण. आणि त्याच्याआधी तू हो शांत. कोंडणारी बाई दाराशी उभी राहून रडायला लागली तर आतल्याने काय समजायचं?

हे सगळं लिहिलं म्हणून मी पिंजऱ्याच्या बाजूने झाले असं समजू नकोस. मी विरोधातच आहे. फक्त तू चुकीचं कोंडते आहेस ते बघवत नाही.

इथे सगळं ठीक. तुझ्या बापाने व्यायामाची सायकल घेतली. तुझी जुनी खोली तिला दिली आहे. सायकलवर तो कपडे वाळत घालतो. तेवढा व्यायाम होतो. मी मजेत, दिवाणखान्यात ऐसपैस. तुझ्या भावाची जुळी आता बालवाडीतून पळून यायला लागली आहेत, त्याला वाटतं ती हुशार आहेत.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या,

तो आत गेला! स्वतःहून! खोकं ठेवलं, चादर टाकली, माझा एक जुना टीशर्ट आत ठेवला. संध्याकाळी मी दात घडवत बसले होते, वळून बघते तर साहेब आत, पाय वर. दार उघडं होतं. मी श्वास रोखून बसले. तुला त्याच क्षणी फोन करणार होते, पण तुझा हुकूम आठवला.

आता वाईट बातमी. हे सगळं मी घरात असताना. मी बाहेर पडले की पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई म्हणतात एवढ्या लहान पिल्लाला दिवसभर बंद ठेवायचंच नाही, थोडा वेळ फार तर. म्हणजे दिवसा माणूस हवं, आणि या घरात माणूस मी एकटीच, तेही कामावर.

आणि वर दुसरं संकट. लॅबच्या मालकाने कॉम्प्युटरवर दात बनवायचं मशीन घेतलंय. ते शिकायला मला दहा दिवस दुसऱ्या गावी पाठवतोय. नाही म्हटलं तर मशीन दुसऱ्या कोणाच्या हाताखाली जाईल आणि मी आयुष्यभर घासतच बसेन. कुत्री सांभाळणाऱ्यांकडे चौकशी केली. बोळ्याची सगळी इंजेक्शनं झालेली नाहीत, म्हणून कोणी घेत नाही. खालच्या बाई तर टपूनच बसल्यात.

येशील का? तुझ्या ऐसपैस संसारातून उठवतेय हे कळतंय. तिथे तुझी सगळी सोय आहे, इथे एक पलंग आणि एक मुतरं पिल्लू. पण तू आली नाहीस तर मला त्याला कोणाला तरी देऊन टाकावं लागेल.

तुझी,
कवळीवाली


१८ फेब्रुवारी

येते. परवा दुपारच्या गाडीने.

पिंजऱ्याला मी हात लावणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. किल्ली शेजारी न ठेवता त्या गाणाऱ्या बाईकडे ठेव, मला तिला बघायचंच आहे.

आत्या


२३ फेब्रुवारी

कवळे,

तुझं हॉस्टेल बरं आहे ना? मशीन शिक नीट. मशीनने केलेल्या दातांनी माणूस खरं बोलत असेल तर त्या न्यायाधीशांना पहिला जोड दे.

इकडचा अहवाल. आरोपीची प्रकृती उत्तम. मी त्याला आरोपी म्हणते, बोळा म्हटल्यावर तो ऐकत नाही आणि आरोपी म्हटल्यावरही ऐकत नाही, पण मला सोपं जातं. सकाळी उठल्यावर, खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर, आणि मी वर्तमानपत्र उघडल्यावर त्याला खाली नेते. शेवटचं कारण त्याचं नाही, माझं. वर्तमानपत्र वाचवायचं तर तोच उपाय आहे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या पायरीवर त्याने दोनदा आपलं मत मांडलं. मी माफी मागितली. किराणावाला म्हणाला, आजी, सवय आहे. मी म्हटलं, आजी कोणाला म्हणतोस?

पिंजऱ्याला हात लावणार नाही म्हटलं होतं. लावला. खोकं त्याने खाऊन टाकलं, ते काढून पिंजरा धुतला. एवढंच.

आज विशेष काही नाही. घरमालकीण चहाला आली होती. बसली बराच वेळ. वाटली होती तेवढी खवट नाही.

आत्या


२३ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार,

विषय: तुमच्या आत्या, तुमचा कुत्रा आणि पिंजरा.

मी मुद्दाम लेखी कळवत आहे, कारण तोंडी सांगितलं तर तुम्हाला मी थट्टा करते असं वाटेल. मी थट्टा करत नाही, हे तुम्ही चार वर्षांत पाहिलंच आहे.

आज दुपारच्या शिकवणीत माझ्या विद्यार्थिनींनी प्रथमच वरून साथ न मिळता गायन केलं. एक ओळ झाली, दुसरी झाली, कुत्रा नाही. पोरींना चुकल्यासारखं व्हायला लागलं. मलाही. वर काहीतरी विपरीत घडलं असणार, अशी माझी खात्री झाली. बेल वाजवली, दार ठोठावलं, उत्तर नाही. शेवटी माझ्याकडच्या किल्लीने आत गेले.

कुत्रा पिंजऱ्याबाहेर जाळीला पाठ टेकून झोपला होता. तुमच्या आत्या पिंजऱ्याच्या आत होत्या. बाहेरून कडी लागलेली होती. गुडघे पोटाशी घेऊन, हाताची उशी करून त्या गाढ झोपल्या होत्या आणि घोरत होत्या. सूर बऱ्यापैकी स्थिर होता.

मी कडी काढली. त्या आवाजाने त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "हजेरी झाली?" मग मला ओळखून म्हणाल्या, "तुम्ही होय. चहा घेणार?" हे त्यांनी आतूनच विचारलं. बाहेर यायला माझा हात धरावा लागला, पण यायची घाई दिसली नाही.

चहा चांगला होता. पिंजऱ्याचा विषय मी तीन वेळा काढला, त्यांनी तिन्ही वेळा मला बिस्किट दिलं.

वयस्कर नातेवाइकांना तुमच्या घरी असं ठेवण्याची पद्धत असल्यास कृपया कळवावं. भाडेकरारात त्याचा उल्लेख नाही.

आपली,
खालची


२५ फेब्रुवारी

आत्या,

"विशेष काही नाही"?

बाईंचं पत्र मशीनच्या वर्गात आलं. मी ते मशीनसमोर उभी राहून वाचलं आणि हातातला दाढेचा नमुना खाली पडला. शिकवणारे म्हणाले, वाईट बातमी का? मी म्हटलं, माझी आत्या पिंजऱ्यात सापडली. ते म्हणाले, बसा, पाणी घ्या.

मी आधी इतकी हसले की शेजारच्या मुलीने मला धरलं. मग हसू थांबलं. तू आत गेलीस कशी? कडी कोणी लावली? तुला चक्कर आली होती का? कोणी घरात शिरलं होतं का? आणि लपवलंस का? एकोणतीस वर्षं ज्या बाईने उशीखालची सुई शोधून काढली, तिला वाटलं खालच्या बाई मला काही सांगणार नाहीत?

खरं लिही. माझी शपथ आहे.

तुझी,
घाबरलेली


२७ फेब्रुवारी

बाळ,

शपथा घालू नकोस, मी लिहिणारच होते. शब्द जुळवत होते.

कोणी शिरलं नाही, चक्कर आली नाही. नोकरीत माझी एक सवय होती. नवी बराक उघडली, की बायका आत घ्यायच्या आधी मी स्वतः आत बसायचे आणि बाहेरून कुलूप लावायला सांगायचे. दिवा डोळ्यावर येतो का, वारा कुठून लागतो, संडासाचा वास किती येतो, हे बाहेर उभं राहून कळत नाही. बाकीच्या जमादारणी मला खुळी म्हणायच्या. तुझा पिंजरा धुऊन वाळला, म्हटलं बघावं पोराला काय वाटतं ते. अंगकाठीने मी किरकोळ, आणि पिंजरा तू वाढत्या अंगाचा घेतलेला. सरकत गेले, मावले. तेवढ्यात आरोपीने आनंदाने दारावर उडी मारली. दार आपटलं, कडी पडली. आजवर कैद्याने जमादारणीला कोंडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

ओरडता आलं असतं. खाली तालीम चालू होती, तुझ्या बाईंनी ऐकलं असतं. आरोपी थोडं कुरकुरला, मग मी तिथेच आहे बघून जाळीला टेकून पडला. मी म्हटलं, पाच मिनिटं बसू, मग हाक मारू. आणि मला झोप लागली.

कशी झोप, ते सांगते. उशाशी कोणी टीव्ही लावला नाही. पायाशी बसून कोणी बूट घातले नाहीत. "आत्या, जरा सरकता का" कोणी म्हटलं नाही. मागे भिंत होती, तीन बाजूंना तुझी ती फाटकी चादर, आणि मला ओलांडून जायला कोणाला जागाच नव्हती. दीड वर्षात मी अशी झोपले नव्हते.

आता तुला कळलंच असेल. तुझ्या बापाकडे मला खोली नाही. दिवाण आहे. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायचं, बाहेर जायचं, सगळ्यांचा रस्ता माझ्या पायापाशी. सगळे झोपले की मी झोपायचं आणि पहिला उठला की उठायचं. कपडे बदलायचे तर न्हाणीघर रिकामं व्हायची वाट बघायची. फोनही दिवाणखान्यातच, म्हणून तुला पत्रं. ओरडते वगैरे काही नाही. वाईट कोणीच वागत नाही गं. तुझी आई वाढते, तुझा भाऊ औषध आणतो. कोणाच्या लक्षातच आलेलं नाही, एवढंच. आणि मी बोलत नाही, कारण ज्या बाईच्या कमरेला शेकडो बायकांच्या दारांच्या किल्ल्या होत्या, तिने एक दार मागायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. मला याचं दुःख आहे. लिहिलं, झालं.

पिंजऱ्याबद्दल मी चुकले. त्याला त्याची जागा हवी असते. ती आपण कोठडी म्हणून बघतो, कारण आपण बाहेर असतो. दार मात्र उघडं ठेव. कडी मी काढून टाकली आहे, पक्कड तुझ्या अवजारांत सापडली. आता तो दुपारी स्वतः आत जातो आणि मी समोर बसलेली असले की गप्प झोपतो. मी उठून पाच मिनिटं जिन्यात गेले तरी चालतं. दहा मिनिटांना रडतो. रोज थोडं वाढवतेय.

तू आलीस की मी परत जाईन. हे पत्र खोली मागायला लिहिलेलं नाही, नीट समजून घे.

आत्या


१ मार्च

आत्या,

सायकलला खोली आणि तुला दिवाण! हे वाचून मी हॉस्टेलच्या जेवणघरात रडले, सगळ्यांसमोर, तोंडात पाव होता तशीच. मग बाबांना फोन लावला आणि ते "हॅलो" म्हणायच्या आत ठेवून दिला. काही बोलले असते तर नंतर निस्तरत बसावं लागलं असतं.

आणि मी तुला लिहिलं होतं, "तिथे तुझी सगळी सोय आहे." हसली असशील. की नाही हसलीस?

आता माझं ऐक, मध्ये बोलू नकोस. बाईंशी फोनवर बोलले. महिना संपला, आता काय ते सांगा म्हटलं. त्यांनी आधी खाकरून गळा साफ केला. मग म्हणाल्या, तुमच्या आत्या वर राहणार असतील तर कुत्रा राहू दे. त्या जाणार असतील तर कुत्राही जाऊ दे, मला पुन्हा ते आळवणं ऐकवणार नाही. मग म्हणाल्या, त्या राहणार आहेत का? आणि मग, अगदी हळू, चहा छान करतात हो.

म्हणजे मी आता तुला विचारलं तर ते बोळ्यासाठी विचारलं असं तुला वाटणार. अर्धं तसंच आहे, कशाला खोटं बोलू. तू नसलीस तर तो जाईल, आणि तो गेला तर मी त्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर बसून दात घासत राहीन. पण उरलेलं अर्धं माझं आहे. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की मला शिव्या घालणारं कोणीतरी हवं आहे. नवऱ्याने चार वर्षांत एक धड शिवी दिली नाही. नुसता निघून गेला.

मागची खोली तुला माहीत आहे. तिथे प्लास्टरच्या गोण्या राहतात, आणि लोकांनी न नेलेल्या कवळ्या. कवळ्यांना मी आल्या-आल्या नोटीस देते. खिडकी पूर्वेला आहे, दिवा डोळ्यावर येत नाही. तू आत बसून बघ हवं तर, पण या वेळी मला सांगून. दाराला आतून कडी आहे. बाहेरची मी काढून टाकणार आहे, पक्कड कुठे ठेवलीस तेवढं सांग.

राहशील का आत्या? पाहुणी म्हणून नाही.

तुझी,
कवळीवाली


७ मार्च

कवळे,

न्यायला आलेलं सामान भरून झालं. एक ट्रंक, दोन पिशव्या. एवढीच निघाले मी. परवा सकाळच्या गाडीने येते. तोवर आरोपी खालच्या बाईंकडे ठेवलास ते वाचून बरं वाटलं. तो तिच्या पेटीच्या भात्यावर झोपतो आणि ती त्याला उठवत नाही, म्हणून पोरींची शिकवणी बंद आहे, असं तू लिहितेस. कुत्रं बाहेर म्हणणारी हीच ना ती?

इथे काल जेवताना सांगितलं. मी जाते, आता कवळीवालीकडेच राहणार. तुझी आई म्हणाली, असं कसं, आम्ही काही कमी केलं का? तिचे डोळे भरले, ते खोटे नव्हते. मी म्हटलं, तू काहीच कमी केलं नाहीस. तुझा भाऊ म्हणाला, कुत्र्यासाठी? मी म्हटलं, हो, कुत्र्यासाठी. त्याला तेवढंच झेपेल. जुळ्यांनी विचारलं, आत्याआजी, आम्ही येऊ का? या म्हटलं, पण चपला हातात घेऊन या.

तुझा बाप खाली मान घालून जेवत होता. मला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नाही. ताट रिकामं झालं तरी तो उठेना. माझ्याकडे न बघता बोटाने ताटात रेघा ओढत बसला. लहानपणी चूक कळली की असाच बसायचा. मग म्हणाला, "ताई, तिथं तू झोपणार कुठे?"

दीड वर्ष मी त्याच्या घरात काढलं, आणि हे त्याने पहिल्यांदा विचारलं. तोंडाशी बरंच काही आलं होतं, तुला माहीत आहे माझं तोंड. पण त्याचा चेहरा बघितला आणि मला त्याची दया आली.

म्हटलं, "माझ्या खोलीत."

आत्या